आधी करंट, मग पेट्रोल

थंड असताना अर्ध्या किल्लीत सुरू होणारी प्रीमियर पद्मिनी तापली की सिग्नलला हटकून बंद पडते. मालकाचं निदान ठरलेलं असतं: कार्बोरेटर. तो उघडण्याची घाई न करणारा मिस्त्री खरा जाणकार.

आमचे मिस्त्री अशी गाडी थंड होऊच देत नाहीत, कारण थंड झाली की दोष लपतो. बंद पडल्याबरोबर बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरच्या मधली वायर उपसून इन्सुलेटेड पक्कडीने तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचं आणि पोराला स्टार्टर मारायला सांगायचं. चटचट निळी ठिणगी पडली तर करंट ठीक; मग पेट्रोलकडे वळायचं. पद्मिनीचा पंप इंजिनालाच लागून असतो. उन्हाळ्यात त्यात वाफ धरते, म्हणून टॅक्सीवाले त्यावर ओलं फडकं ठेवायचे.

अशाच एका गाडीची ठिणगी मात्र पिवळी, मरतुकडी. कॅप काढली तर पॉइंट काळे पडलेले, एका टोकाला खड्डा, दुसऱ्याला टेंगूळ. मिस्त्री म्हणाले, "कंडेन्सर गेला."

पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि बॅटरीच्या 12 व्होल्टमधून हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. प्रवाह झटकन तुटावा म्हणून कंडेन्सर लागतो. तो तापून गळू लागला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते आणि पॉइंट जाळते. गरम झाल्यावर कॉइलही असाच दगा देते, पण कंडेन्सर स्वस्त आणि एका स्क्रूवर बसलेला, म्हणून पहिला मान त्याचा.

कंडेन्सर बदलला. नवे पॉइंट बसवताना कॅम उंचवट्यावर आणून फीलर गेजने गॅप लावला, अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी. गॅप हलला की टायमिंगही हलतं, म्हणून टायमिंग त्यानंतर. आधी टायमिंग लावून मग पॉइंटला हात घालणाऱ्या गॅरेजात मी तरी गाडी देणार नाही. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 पाहून वायरी लावल्या. कार्बोरेटरला कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी गाडी तापल्यावरही एका सुरात चालली.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी 2023 साली संपल्या. सुट्या भागांचं मोठं गिऱ्हाईकच गेलं. नवा म्हणून मिळणारा प्रत्येक कंडेन्सर टिकतोच असं नाही. तेव्हा गाडीत वापरून पारखलेला एखादा कंडेन्सर हाती असेल तर तो भंगारात टाकू नका, डिकीत ठेवा.