विश्लेषण : हवेत पॅराशूट उघडलेच नाही तर? स्कायडायव्हर संकटाची तयारी कशी करतात?

१५ हजार फुटांवर विमानाच्या शेपटीत पॅराशूट अडकले आणि स्कायडायव्हर हवेत लटकत राहिला. ऑस्ट्रेलियातील या घटनेची चित्रफीत डिसेंबर २०२५ मध्ये जगभर व्हायरल झाली. त्याच्याकडे एक छोटी सुरी होती आणि ती कधी वापरायची हे त्याला ठाऊक होते. अशा प्रसंगांची तयारी नेमकी कशी होते?

नेमके काय घडले?

२० सप्टेंबर २०२५ रोजी क्वीन्सलँडमधील टली येथे १६ जणांच्या एकत्रित उडीसाठी सेसना कॅरॅव्हॅन विमान आकाशात झेपावले. पहिला स्कायडायव्हर दारातून बाहेर येत असताना त्याच्या राखीव पॅराशूटचे हँडल पंखाच्या फ्लॅपमध्ये अडकले. पॅराशूट उघडले, तो मागे खेचला गेला आणि पॅराशूट विमानाच्या शेपटीभोवती गुंडाळले गेले. त्याने हुक नाइफने, म्हणजे आकड्यासारख्या पात्याच्या सुरीने, ११ दोऱ्या कापल्या. उरलेले कापड फाटून तो सुटला, मुख्य पॅराशूट उघडले आणि किरकोळ दुखापतीवर निभावले. विमानही सुखरूप उतरले. अशी सुरी बाळगणे बंधनकारक नसले तरी ती जीव वाचवू शकते, असे तेथील वाहतूक सुरक्षा यंत्रणेने म्हटले आहे.

विचार करायला किती वेळ मिळतो?

मुक्तपणे पडणाऱ्या स्कायडायव्हरचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १७५ फूट असतो. अडीच हजार फुटांवर पॅराशूट उघडलेले नसेल, तर जमीन फक्त १४ सेकंदांवर असते. बिघाड ओळखणे, हँडल शोधणे आणि राखीव पॅराशूट पूर्ण उघडणे हे सगळे तेवढ्यात व्हावे लागते. म्हणूनच निर्णय आधी जमिनीवर ठरवला जातो.

‘निर्णयाची उंची’ म्हणजे काय?

अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या शिफारशीनुसार विद्यार्थी व नवख्यांसाठी ही उंची २,५०० फूट आणि अनुभवींसाठी १,८०० फूट आहे. पॅराशूट उघडल्यावर तीन गोष्टी पाहायच्या : आकार नीट आहे का, ते स्थिर आहे का आणि वळवता येते का. दोऱ्यांना पीळ पडला असेल, तर पाय झाडून तो सोडवता येतो. पण ठरलेली उंची आली, की दुरुस्तीचे प्रयत्न थांबवायचे. ‘आणखी एकदा बघू’ हा मोह इथे सर्वांत घातक ठरतो.

त्यानंतर काय करतात?

बहुतेक हार्नेसवर उजवीकडचे हँडल मुख्य पॅराशूट सोडवते, तर डावीकडचे राखीव पॅराशूट उघडते. अर्धवट उघडलेले मुख्य पॅराशूट आधी सोडायचे, मग राखीव उघडायचे. क्रम चुकल्यास दोन्ही एकमेकांत गुंतू शकतात. हँडल आधी डोळ्यांनी पाहायचे, मग धरायचे, मग ओढायचे. छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकून हा क्रम इतक्या वेळा घोटून घेतात, की घाबरलेल्या अवस्थेतही हात बरोबर जागी जातो.

स्वयंचलित यंत्र असताना हा सराव कशाला?

हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजणारे यंत्र पाठीवरच्या पिशवीत असते. जर्मनीतील ‘सायप्रेस’ हे यातले प्रसिद्ध यंत्र १९९१ मध्ये बाजारात आले. अनुभवींसाठीच्या त्याच्या प्रकारात सुमारे ७५० फुटांवरही वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल, तर ते राखीव पॅराशूटची पिशवी बंद ठेवणारी दोरी कापते. पण पॅराशूट अर्धवट उघडून वेग थोडा कमी झाला असेल, तर यंत्राला धोका ‘दिसत’ नाही. बेशुद्ध पडलेल्यासाठी ते वरदान आहे. शुद्धीत असलेल्याने त्याच्या भरवशावर राहायचे नसते.

मग सर्वाधिक धोका कुठे?

अमेरिकेत २०२४ मध्ये सुमारे ३८.८ लाख उड्यांमध्ये नऊ जणांचा मृत्यू झाला. सत्तरच्या दशकात तेथे वर्षाला सरासरी ४० हून अधिक बळी जात. उपकरणे सुधारली, मात्र आता अनेक अपघात पॅराशूट उत्तम स्थितीत असताना, जमिनीजवळ चुकीचे वळण घेतल्याने किंवा उतरताना अंदाज चुकल्याने होतात.

तुम्ही टँडम उडी मारणार असाल तर?

प्रशिक्षकाला बांधून मारलेल्या उडीत निर्णय त्याच्याकडे असतात. तरी तीन प्रश्न जरूर विचारा : राखीव पॅराशूट शेवटचे कधी तपासून बांधले? स्वयंचलित यंत्र बसवले आहे का? प्रशिक्षकाकडे टँडमचा परवाना आहे का? अमेरिकेत राखीव पॅराशूट दर १८० दिवसांत प्रमाणित तंत्रज्ञाकडून पुन्हा बांधून घेणे सक्तीचे आहे. उडीपूर्वीची सूचना फोन बाजूला ठेवून ऐका आणि उतरताना सांगितल्याप्रमाणे पाय वर उचला. उत्तरे टाळली जात असतील किंवा वारा जोरात असेल, तर ‘आज नको’ म्हणायला लाजू नका. पैसे गेले तरी चालतील. विमानाचे दार उघडेपर्यंत नकार देण्याचा हक्क तुमचाच असतो.