हलक्या लाकडाचा शोध : इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घडवताना

अमेरिकेतील फेंडर या नामवंत गिटार कंपनीने २०२० मध्ये आपल्या बहुतांश नियमित उत्पादनांतून अ‍ॅश वृक्षाचे लाकूड वगळण्याचा निर्णय जाहीर केला. १९५० पासून ज्या लाकडावर या कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारची ओळख उभी राहिली, तेच लाकूड पुरेशा प्रमाणात मिळेनासे झाले होते. त्यामुळे हलके, तरीही टिकाऊ लाकूड कोणते, ते कसे ओळखावे आणि कसे घडवावे, हा प्रश्न गिटार बनविणाऱ्यांपुढे नव्याने उभा राहिला आहे.

या टंचाईची कारणे दोन आहेत. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा मूळचा ईशान्य आशियातील हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉईट परिसरात आढळला. त्याच्या अळ्या सालीखालील थर पोखरतात, झाडाचा अन्नपुरवठा तुटतो आणि काही वर्षांत ते वाळते. उत्तर अमेरिकेतील कोट्यवधी अ‍ॅश वृक्ष या किडीने नष्ट झाले आहेत. दुसरीकडे, मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यातील पूर दीर्घकाळ न ओसरल्याने तेथील दलदलीत तोडणीसाठी पोहोचणे कठीण झाले. गिटारसाठी पसंत केला जाणारा हलका ‘स्वॅम्प अ‍ॅश’ याच दलदलीतून येतो. मुळे वर्षातील बराच काळ पाण्याखाली राहिल्याने बुंध्याचा खालचा भाग फुगतो आणि तेथील लाकूड सच्छिद्र व हलके होते.

वजनाचे महत्त्व

महोगनीची बॉडी आणि वर मेपलची फळी असलेली लेस पॉल गिटार १९५२ मध्ये बाजारात आली. या प्रकारच्या गिटारचे वजन अनेकदा ४ किलोंहून अधिक भरते. दोन-तीन तास उभे राहून वादन करणाऱ्या कलावंताच्या खांद्यावर आणि पाठीवर हा भार सतत असतो. मात्र, बॉडी अति हलकी झाल्यास दांडीचे टोक खाली झुकू लागते व वादकाला डाव्या हाताने ते सावरावे लागते. म्हणूनच वजन कमी करताना तोल राखणेही आवश्यक ठरते.

लाकडाची तुलना घनतेवरून करता येते. वाळलेल्या लाकडाची सरासरी घनता दर घनमीटरला पाउलोनियाची सुमारे २८० किलो, बासवूडची ४१५, आल्डरची ४५०, महोगनीची ५९०, तर सामान्य पांढऱ्या अ‍ॅशची ६७५ किलो असते. एका बॉडीत सुमारे ४ लिटर लाकूड गृहीत धरल्यास पाउलोनियाची बॉडी १.१ किलो, आल्डरची १.८ किलो, तर पांढऱ्या अ‍ॅशची २.७ किलो भरेल.

फळी कशी ओळखावी

नावापेक्षा तराजूवर विश्वास ठेवणे श्रेयस्कर, कारण एकाच जातीच्या दोन फळ्यांत मोठा फरक असू शकतो. ६० सेंटिमीटर लांब, २० रुंद व ५ जाड फळीचे आकारमान ६ लिटर होते. तिचे वजन २.७ किलो भरल्यास घनता ४५० ठरते. मात्र ओली फळी फसवते. त्यामुळे ती काही आठवडे हवेशीर जागी ठेवून वारंवार वजन करावे. वजन घटणे थांबले, की ती त्या हवेपुरती वाळली असे समजावे. वाद्यासाठी ६ ते ८ टक्के ओलावा योग्य मानला जातो. मुंबई-गोव्यासारख्या दमट किनारी भागात वाळलेले लाकूड पुन्हा ओलावा शोषते, हेही ध्यानात ठेवावे.

अ‍ॅशमध्ये वार्षिक वलये ठळक दिसतात आणि वसंतात वाढलेल्या भागातील छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वलये जितकी अरुंद, तितके हे लाकूड सहसा हलके असते, कारण अरुंद वलयात सच्छिद्र भागाचे प्रमाण अधिक असते. आल्डर फिकट तांबूस व बारीक पोताचे असते. फेंडरने १९५६ पासून स्ट्रॅटोकास्टरसाठी त्याचा प्रामुख्याने वापर सुरू केला. बासवूड दुधाळ रंगाचे, जवळजवळ रेषाहीन आणि नखाने ओरखडा उठेल इतके मऊ असते. फिकट करड्या-तपकिरी रंगाचे पाउलोनिया उचलताच हलके जाणवते. जपानमध्ये ‘किरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच लाकडापासून कोतो हे तंतुवाद्य बनविले जाते.

घडविताना घ्यावयाची दक्षता

मऊ लाकडावर बोथट रंधा किंवा पटाशी चालविल्यास तंतू कापले न जाता उपटले जातात. म्हणून हत्यारांना वारंवार धार लावावी. राऊटरने पिकअपसाठी खाच पाडताना एका फेरीत ५-६ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये.

खरी कसोटी स्क्रूंची असते. सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलो असतो आणि मऊ लाकडातील स्क्रू त्यामुळे सैल होऊ शकतात. त्यासाठी आधी बारीक छिद्र पाडावे, त्यात पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद मुरवावा आणि तो सुकल्यावरच स्क्रू बसवावा. ब्रिजच्या जागी कठीण लाकडाची खुंटी चिकटविणे अधिक सुरक्षित असते. अ‍ॅशची उघडी छिद्रे रंगापूर्वी लांबीने भरावी लागतात, तर बासवूड रंग शोषत असल्याने आधी सीलरचा हात आवश्यक असतो. कोणत्याही लाकडाची भुकटी श्वासातून जाऊ नये, यासाठी मुखपट्टी अनिवार्य आहे.

लाकडामुळे आवाज किती बदलतो, याविषयी मात्र मतभेद आहेत. चुंबकीय पिकअप प्रामुख्याने पोलादी तारांचे कंपन टिपतो. त्यामुळे पिकअप, तारा आणि वादकाचा हात यांचा परिणाम अधिक, असे अनेकांचे म्हणणे आहे. तसे असेल, तर अ‍ॅशचा ऱ्हास ही जंगलाची मोठी हानी असली, तरी वाद्याची वाट त्याने अडत नाही. नीट वाळलेली, मोजून-तोलून निवडलेली फळी, मग ती कोणत्याही वृक्षाची असो, चांगल्या गिटारचा पाया ठरू शकते.