छंदांचे तर्कशास्त्र (लेखांक ७) : एकाच संघाची कार्डे

सिगारेटच्या पाकिटात चित्र कसे शिरले, हे गेल्या आठवड्यात पाहिले. अमेरिकेतल्या डरहॅम गावी जेम्स ब्यूकॅनन ड्यूकने १८८४ मध्ये बॉन्सॅकचे सिगारेट वळणारे यंत्र बसवले. माल उदंड झाला, पण तो खपायला हवा होता. मऊ पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत असत. त्यावर नट्या, सेनापती, पक्षी आणि खेळाडू छापले जाऊ लागले. १८९० मध्ये ड्यूकने प्रतिस्पर्ध्यांना एकत्र आणून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. (याच कंपनीने १९०२ मध्ये ब्रिटिशांच्या इम्पीरियल टोबॅकोशी भागीदारी केली आणि त्यातून निघालेल्या कंपनीनेच १९१० मध्ये कलकत्त्यात आपला भारतीय संसार थाटला. आपल्याकडच्या सिगारेट धंद्याचे मूळही असे तिथपर्यंत पोचते.) आजचा विषय आहे अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेली बेसबॉलपटूंची कार्डे. संग्राहक त्यांना ‘टी-२०६’ म्हणतात. अख्खा संच जमवणाऱ्याकडे आदराने पाहिले जाते आणि एकाच संघाची कार्डे जमवणाऱ्याकडे ‘ऐपत नाही, म्हणून एवढ्यावर भागवले’ अशा नजरेने. माझे म्हणणे याच्या उलट आहे. या विशिष्ट कार्डांच्या बाबतीत तरी एका संघापुरता संग्रह हाच जास्त समजून केलेला संग्रह ठरतो. उदाहरणासाठी शिकागो कब्ज हा संघ घेऊ.

आधी कार्ड हातात घेतल्यावर काय दिसते ते पाहू. साधारण दीड इंच रुंद, अडीच इंचांहून किंचित जास्त उंच. पांढऱ्या काठात शिळाछापाचे रंगीत चित्र आणि खाली तपकिरी अक्षरांत खेळाडूचे आडनाव व शहर. बस. कार्डाला क्रमांक नाही, साल नाही, खेळाडूच्या कामगिरीचा एक आकडा नाही. मागे सिगारेटच्या छापाची जाहिरात असते. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल हे सर्वांत जास्त आढळणारे छाप. पोलर बेअर, सॉव्हरिन, ओल्ड मिल, हिंदू असे आणखीही आहेत. पुष्कळ कार्डांवर कारखान्याचा क्रमांक असतो आणि मालिकेत एकूण विषय किती तेही छापलेले असते. मात्र हा आकडा एकच नाही. कुठे १५०, कुठे ३५०, तर कुठे ४६०. म्हणजे मालिका पुढे जाईल तशी कंपनी विषय वाढवत गेली, काही चित्रे मध्येच बंद केली आणि १९१० साली पाकीट फोडणाऱ्या माणसाला पूर्ण संच कितीचा, हे समजायला मार्गच नव्हता.

आज आपण साधारणपणे ५२४ कार्डांचा संच मानतो. हा आकडा कंपनीने दिलेला नाही; तो पुढच्या पिढ्यांतल्या संग्राहकांनी ताळा घालून काढला आहे. टी-२०६ हे नावसुद्धा सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिकने आपल्या सूचीत दिले. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना त्याने एक अक्षर दिले आणि प्रत्येक मालिकेला एक अंक. बर्डिकचे उपकार मोठे आहेत. तीन लाखांहून अधिक कार्डे आणि छापील चित्रे त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली, संधिवाताने आखडलेल्या हातांनी स्वतः वह्यांत डकवली आणि १९६३ च्या जानेवारीत ते काम संपवून मार्चमध्ये तो वारला. पण त्याच्या सूचीचा परिणाम असा झाला, की सूची हेच मूळ आणि कार्डे ही तिची पूर्तता असे वाटू लागले. अख्खा संच जमवणारा माणूस प्रत्यक्षात नंतर केलेल्या यादीवर खुणा करत असतो.

यावर पहिला आक्षेप सहज येईल. संघ ही तरी कंपनीची वर्गवारी कुठे होती? कंपनीने छापांनुसार आणि टप्प्यांनुसार कार्डे काढली, संघांनुसार नाही. मग एका आगंतुक चौकटीऐवजी दुसरी आगंतुक चौकट घेतल्याने काय साधले? या आक्षेपात तथ्य आहे, पण पुरते नाही. कार्डाच्या दर्शनी बाजूला खेळाडूच्या नावाखेरीज जी एकच गोष्ट छापली आहे, ती म्हणजे त्याचा संघ. तोही नुसत्या शहराच्या नावाने भागवलेला नाही. शिकागोत नॅशनल आणि अमेरिकन या दोन मोठ्या लीगचा प्रत्येकी एक संघ होता, म्हणून कब्जच्या कार्डांवर ‘शिकागो नॅशनल’ आणि व्हाइट सॉक्सच्या कार्डांवर ‘शिकागो अमेरिकन’ असा लीगचा उल्लेख आहे. हा उल्लेख किती गंभीरपणे घेतला जात होता, ते जो डॉइलच्या कार्डावरून कळते. तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचा पिचर. शहरातल्या दुसऱ्या संघात लॅरी डॉइल नावाचा खेळाडू होता आणि छापखान्यात जोच्या नावापुढे ‘नॅशनल’ पडले. चूक लक्षात येताच शब्द काढला गेला आणि चुकलेली कार्डे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. गिऱ्हाईक संघ पाहूनच कार्ड ओळखते, हे कंपनीला ठाऊक होते. तेव्हा संघाची चौकट कार्डाच्या बाहेरून आलेली नाही.

आता कब्जच का? तर त्या काळात यापेक्षा बलाढ्य संघ नव्हता. १९०६ मध्ये त्यांनी ११६ सामने जिंकले आणि ३६ हरले. १९०७ आणि १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षे डेट्रॉइटला हरवून वर्ल्ड सीरिज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, घेतली. (त्यानंतरची थेट २०१६ मध्ये.) या संघाचे नाव आज कोणाच्या तोंडी येते ते त्रिकुटामुळे: शॉर्टस्टॉप जो टिंकर, सेकंड बेसवरचा जॉनी एव्हर्स आणि फर्स्ट बेसवरचा कर्णधार फ्रँक चान्स. एकाच चेंडूवर दोन गडी बाद करण्यात ते वाकबगार होते. १९१० च्या जुलैमध्ये फ्रँकलिन अ‍ॅडम्स या न्यूयॉर्कच्या सदरलेखकाने त्यांच्यावर आठ ओळींची कविता छापली आणि तिघांची नावे कायमची एका दोऱ्यात ओवली गेली. १९४६ मध्ये तिघेही एकदमच बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले. मैदानाबाहेर टिंकर आणि एव्हर्स यांनी कित्येक वर्षे एकमेकांशी बोलणे टाकले होते, ही गोष्ट वेगळी.

कार्डे मात्र कवितेच्या आधी, १९०९ मध्येच निघू लागली होती, आणि त्यांतला कब्ज वेगळा दिसतो. टिंकरची चार कार्डे आहेत, चान्सची तीन, एव्हर्सची तीन. इथवर कवितेशी जुळते. पण पिचर मॉर्डेकाय ब्राऊनचीही तीन आहेत. लहानपणी शेतीच्या यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताचे एक बोट गेले, बाकीची वाकडी झाली आणि त्याच हाताने तो चेंडू असा काही वळवी की फलंदाज हतबल होत. त्याहून लक्षणीय म्हणजे ऑर्व्हल ओव्हरॉल. आज बेसबॉलच्या जाणकारांखेरीज हे नाव कुणाला सांगता येणार नाही; हॉल ऑफ फेममध्ये तो नाही. टी-२०६ मध्ये त्याची कर्णधार चान्सइतकीच, तीन कार्डे आहेत. १९०८ च्या वर्ल्ड सीरिजचा निर्णायक सामना त्याने २-० असा जिंकून दिला होता आणि त्यातल्या एकाच डावात चार फलंदाज स्ट्राइक आउट केले होते. थर्ड बेसवरचा हॅरी स्टाइनफेल्ट कवितेत बसला नाही म्हणून विसरला गेला. कार्डे त्याचीही दोन आहेत. संघाची कार्डे शेजारी शेजारी मांडली, की कवितेने झाकलेला संघ पुन्हा दिसू लागतो. पाचशे कार्डांच्या ढिगात ओव्हरॉल हा नुसता ‘साधा खेळाडू’ असतो, कारण बाजारभावाच्या यादीत त्याला तसेच टाकलेले आहे.

चित्रांच्या संख्येवरून लोकप्रियता ठरवणे धाडसाचे नाही का, असे कोणी विचारेल. आहे. ही चित्रे बहुतेक छायाचित्रांवरून केलेली असत. बॉस्टनच्या कार्ल हॉर्नरने काढलेल्या छायाचित्रांवरून तर अनेक चेहरे उतरवले आहेत. ज्याची जास्त छायाचित्रे हाताशी, त्याची कार्डे जास्त, असेही झाले असणार. न्यूयॉर्कच्या हाल चेसची पाच कार्डे आहेत आणि थोर क्रिस्टी मॅथ्यूसनची तीनच.  म्हणून दोन वेगळ्या संघांतल्या खेळाडूंची अशी तुलना मी करणार नाही. पण एकाच संघात ही अडचण पुष्कळ कमी होते. एकाच मैदानावरच्या, त्याच काळातल्या खेळाडूंतून कंपनीने कोणाला पुन्हा पुन्हा निवडले, हा प्रश्न तिथे विचारता येतो. एका संघाचा संग्रह करण्याचे हेही एक कारण आहे.

दुसरा पुरावा काळाचा. कार्डांवर साल नसल्याने ती लावायची कशी? मागच्या बाजूचे १५०, ३५०, ४६० हे आकडे टप्पा सांगतात, आणि संघातली ये-जा त्या टप्प्यांना तारखा देते. कार्ल लुंडग्रेन १९०७ मध्ये कब्जच्या सर्वोत्तम पिचरांपैकी होता. १९०९ मध्ये त्याला सोडून देण्यात आले. त्याचे एक कार्ड शिकागोचे आहे आणि दुसरे खालच्या लीगमधल्या कॅन्सस सिटीचे. शिकागोचे कार्ड दुर्मीळ आहे, आणि तो संघातून गेल्यावर ते चित्र लवकर थांबवले असावे, हा तर्क पटणारा आहे. ब्राऊन आणि एव्हर्स यांच्या एका कार्डात सदऱ्यावर ‘शिकागो’ आहे, दुसऱ्यात ‘कब्ज’. हे नाव १९०२ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राने चालवले आणि १९०७ मध्ये संघाने अधिकृतपणे घेतले; म्हणजे कार्डे निघाली तेव्हा ते अंगावर मिरवण्याची सवय अजून नवीच होती. कॅचर जॉनी क्लिंगचे कार्ड पाहताना १९०९ चा हंगाम आठवावा. पगारावरून बिनसल्याने तो वर्षभर कॅन्सस सिटीत बिलियर्ड्समध्ये रमला होता आणि त्याच वर्षी कब्ज १०४ सामने जिंकूनही मागे पडले, कारण पिट्सबर्गने ११० जिंकले.

पिट्सबर्ग म्हटले की त्या संघाचा खेळाडू होनस वॅग्नर आलाच, आणि त्याबरोबर सर्वांत जड आक्षेपही. टी-२०६ चा संग्रह करायचा आणि वॅग्नर सोडायचा? त्याचे कार्ड फार लवकर मागे घेतले गेले. मुलांनी आपल्यापायी सिगारेटी विकत घेऊ नयेत म्हणून त्याने हरकत घेतली, असे एक कारण सांगतात. पैसे न मिळाल्यामुळे, असे दुसरे. तो स्वतः तंबाखू चघळत असे. आज पन्नास-साठच प्रती माहीत आहेत आणि २०२२ मध्ये त्यांतली एक ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. पण या कार्डाची सारी कीर्ती ते लोकांच्या हाती पोचले नाही यात आहे. १९१० च्या धूम्रपान करणाऱ्याच्या, किंवा त्याच्यामागे पाकिटासाठी लकडा लावणाऱ्या पोराच्या, अनुभवात वॅग्नर जवळजवळ नव्हताच. टिंकर होता, पीडमाँटच्या पाकिटातून पुन्हा पुन्हा निघणारा. त्या काळाची वस्तू हवी असेल तर हाताळून कोपरे झिजलेला टिंकर वॅग्नरपेक्षा खरा साक्षीदार आहे. आणि कोपऱ्यांच्या टोकदारपणाला किंमत देण्याचा हट्ट कुठे नेतो, तेही वॅग्नरनेच दाखवले: आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीने १९९१ मध्ये भागीदारीत घेतलेल्या सर्वांत सुबक प्रतीच्या कडा कापलेल्या होत्या, हे विल्यम मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये शिकागोच्या न्यायालयात कबूल केले.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. संघाचा इतिहास प्रतिस्पर्ध्यावाचून अपुरा राहतो. २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कमध्ये विजयी धाव झाल्याच्या आनंदात यजमान संघाचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल सेकंड बेसला पाय न लावताच परत फिरला. एव्हर्सने चेंडू मागवून बेसवर पाय ठेवला, पंच हँक ओडे यांनी मर्कलला बाद दिले, सामना बरोबरीत धरला गेला आणि ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळून कब्जने तो आणि लीगचे जेतेपद दोन्ही मिळवले. मर्कलचे कार्ड न्यूयॉर्कचे. ते पाहुणा म्हणून शिकागोच्या वहीत ठेवले तर मी नियमभंग मानणार नाही. १९१७ मध्ये तो कब्जकडूनच खेळू लागला. दुसरी उणीव कुठल्याही पाहुण्याने भरत नाही. १९०९ च्या ऑक्टोबरमध्ये याच कब्जने शिकागोतल्या लेलँड जायंट्स या कृष्णवर्णीय संघाशी तीन सामने खेळले. तिन्ही जिंकले, पण सहज नाही. लेलँडचा पिचर रूब फॉस्टर त्या काळातल्या सर्वोत्तमांपैकी एक. त्याचे टी-२०६ कार्ड नाही, त्याच्या एकाही सहकाऱ्याचे नाही, कारण मोठ्या लीगनी आणि त्यांच्या मागोमाग तंबाखूवाल्यांनी कृष्णवर्णीयांना दारच बंद केले होते. पूर्ण संच जमवणाऱ्याच्या यादीत ही जागा रिकामीही दिसत नाही. शिकागोपुरते पाहणाऱ्याला मात्र त्याच शहरातला, त्याच मैदानावर खेळलेला माणूस गैरहजर असल्याचे कळते.

मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यूकची मक्तेदारी बेकायदा ठरवून कंपनीचे तुकडे करायला लावले आणि ही मालिकाही त्याच सुमारास संपली. ज्यांना हा छंद लागेल असे वाटते, त्यांनी आधी एक डॉलरही खर्च करू नये. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बेंजामिन एडवर्ड्स यांच्या संग्रहातली १८८७ ते १९१४ या काळातली सुमारे २,१०० कार्डे आहेत आणि ती संगणकावर कोणालाही मोफत पाहता येतात. हा संग्रह तिथे पोचवणारा होता शिकागोचा कवी कार्ल सँडबर्ग. त्यातली ‘शिकागो नॅशनल’ लिहिलेली कार्डे निवडा, मागची बाजू पाहून टप्प्यांनुसार लावा आणि खरेदीची सुरुवात करायचीच असेल तर ओव्हरॉलपासून करा. पुढील लेखांकात कापलेल्या, धुतलेल्या आणि नव्याने रंगवलेल्या कार्डांची परीक्षा कशी करतात, ते पाहू.