पूल टाकणाऱ्या रणगाड्याची प्रतिकृती
(इयत्ता ६ वी व ७ वीसाठी कार्यानुभव, गणित व विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

कुंडलिकेच्या खाडीवर रेवदंडा व साळाव यांना जोडणारा पूल आपल्या किनाऱ्यावरील मुलांच्या नित्य परिचयाचा आहे. तो होण्यापूर्वी तरीची वाट पाहत ज्यांनी काठावर वेळ काढला, त्या वडीलधाऱ्या मंडळींना पुलाचे मोल सांगावे लागत नाही. परंतु कोणतीही सोय रोजची झाली म्हणजे तिच्याविषयी विचार करणे आपण सोडून देतो. ता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या व काही मोटारी प्रवाशांसह वाहून गेल्या. जून २०१७ मध्ये तेथे नवा पूल खुला झाला. पण पूल म्हणजे काय, तो भार कसा पेलतो व कोठे हार खातो, हा प्रश्न त्या रात्रीनंतर आपल्या शाळांना परका राहिलेला नाही.

ह्या प्रश्नाकडे मुलांस नेण्याचा एक सोपा व आनंददायक मार्ग ह्या लेखात मांडावयाचा आहे. तो म्हणजे पूल टाकणाऱ्या लष्करी रणगाड्याची प्लास्टिकची प्रमाणबद्ध प्रतिकृती वर्गात जुळविणे हा होय.

१. हेच वाहन का निवडावे?

लढाईच्या वाहनाची प्रतिकृती प्राथमिक शाळेत कशासाठी, अशी शंका एखाद्या शिक्षकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर ह्या वाहनाच्या कामातच आहे. ह्या रणगाड्यावर तोफेचा बुरूज नसतो; त्या जागी घडी केलेला पूल असतो. मागून येणाऱ्यांस वाट करून देणे एवढेच त्याचे कर्तव्य.

सैन्यात हे काम अभियंता दलाचे. 'सर्वत्र' हे त्या दलाचे ब्रीद आहे. त्यातील 'बॉम्बे सॅपर्स' ह्या तुकडीचे केंद्र आपल्या राज्यात खडकी येथे आहे. ह्याच तुकडीतील सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे कारवारजवळील चेंडिया गावचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारी वाट शत्रूने सुरुंग पेरून व अडथळे उभारून बंद केली होती. ता. ८ ते ११ एप्रिल ह्या दिवसांत राणे यांनी गोळीबारात, जखमी अवस्थेतही, ती मोकळी केली. एका टप्प्यावर ते पुढच्या रणगाड्याखालून रांगत गेले व दोरीच्या ओढीने चालकास थांबण्याच्या व पुढे जाण्याच्या खुणा देत राहिले. ह्या कामगिरीबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले. शौर्य म्हणजे केवळ प्रहार नव्हे, वाट मोकळी करणे हेही शौर्यच, ही गोष्ट मुलांस येथे सहज सांगता येते.

शांततेच्या काळातही हे दल उपयोगी पडते. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर ता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली. त्यानंतर तेथे लष्कराच्या अभियंत्यांनी नवा पादचारी पूल उभारला व तो फेब्रुवारी २०१८ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

२. वाहनाची ओळख

भारतीय सैन्याकडे टी-७२ रणगाड्याच्या सांगाड्यावर बसविलेला पूल आहे. पुण्याजवळ दिघी येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची अभियांत्रिकी संस्था आहे. अशा पुलांच्या रचनेचे काम तेथे चालते. हा पूल सुमारे २० मीटर लांब व ४ मीटर रुंद असतो. प्रवासात त्याचे दोन अर्धे भाग कात्रीप्रमाणे एकमेकांवर मिटलेले असतात.

ओढ्याच्या काठी आल्यावर रणगाडा प्रथम आपला पुढचा आधार जमिनीवर टेकवितो. मग तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्यांनी मिटलेला पूल उचलला जातो, वर गेल्यावर उलगडतो व पलीकडच्या काठावर अलगद टेकतो. पूल सोडवून रणगाडा बाजूला होतो आणि मागची वाहने पार जातात. शेवटी तो स्वतः पूल ओलांडतो व पलीकडच्या टोकाकडून पूल पुन्हा पाठीवर घेतो. ह्या सर्व कामात कोणालाही उघड्यावर उभे राहावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

येथे मुलांस विचारावे, 'हा पूल आपल्या खाडीवर टाकता येईल काय?' खाडीचे पात्र २० मीटरांहून फारच रुंद, म्हणून उत्तर 'नाही' असेच येईल. रुंद पात्रास मध्ये आधार हवेत. दिघीच्याच संस्थेने तयार केलेल्या 'सर्वत्र' नावाच्या पुलात १५ मीटरांचे पाच गाळे पाच मालमोटारींवरून नेऊन, मध्ये आधार उभारून, ७५ मीटरांचे अंतर जोडतात. साळावच्या पुलाला खांब का आहेत, हे मुलांस मग निराळे सांगावे लागत नाही.

३. प्रमाणाचे गणित

अशा प्रतिकृती बहुधा १ : ३५ किंवा १ : ७२ ह्या प्रमाणात मिळतात. पेटी उघडण्यापूर्वी वर्गास मैदानावर न्यावे. दोरीने २० मीटर लांब व ४ मीटर रुंद असा आयत आखावा व त्यात सर्व मुलांस उभे करावे. खरा पूल केवढा, हे एकदा पायांनी कळले म्हणजे पुढील आकडे कोरडे वाटत नाहीत.

१ : ३५ ह्या प्रमाणात २० मीटरांचा पूल सुमारे ५७ सेंटिमीटर व ४ मीटरांची रुंदी सुमारे ११.४ सेंटिमीटर होते. १ : ७२ ह्या प्रमाणात तेच आकडे २७.८ व ५.६ सेंटिमीटर होतात. १.७० मीटर उंचीचा जवान पहिल्या प्रमाणात ४.९ व दुसऱ्यात २.४ सेंटिमीटरांचा असेल. ही उदाहरणे मुलांकडूनच करवून घ्यावीत व त्या मापांचे जवान पुठ्ठ्यातून कापवून घ्यावेत. पुढे प्रतिकृतीशेजारी ते उभे केले की माप चुकले असल्यास डोळ्यांस तत्काळ दिसते.

४. साहित्य व कृती

पेटीतील भाग, देठाला फळे लागावीत तसे, प्लास्टिकच्या चौकटीला बारीक देठांनी जोडलेले असतात. प्रत्येकास क्रमांक असतो. सूचनापत्र सर्व वर्गाने आधी वाचावे व कोणत्या गटाने कोणते भाग जुळवावयाचे हे ठरवावे. पाच-सहा मुलांचा एक गट असावा. चाके, सांगाडा, पूल व रंगकाम असे चार गट पुरेत.

(अ) चौकटी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्यात. साच्यातून येणारा तेलकटपणा राहिल्यास रंग धरत नाही.

(आ) भाग हाताने मोडून काढू नयेत. लहान कापणी पक्कडीने देठ थोडा दूर कापावा व उरलेला खुंट बारीक कानशीने किंवा पॉलिश कागदाने घासून काढावा. पाते वापरावयाचे झाल्यास ते शिक्षकांच्याच हाती असावे.

(इ) चिकटविण्यापूर्वी भाग कोरडे जुळवून पाहावेत. ही सवय मुलांच्या अंगी बाणावी, कारण चिकटल्यानंतर चूक सुधारणे कठीण.

(ई) ह्या कामाचा द्रव हा गोंद नव्हे. तो पॉलिस्टायरीन ह्या प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवितो व दोन्ही भाग एकजीव करतो. म्हणून तो कुंचल्याच्या टोकाने थेंबभरच लावावा. त्याची वाफ अपायकारक असते; खिडक्या उघड्या ठेवून, शिक्षकांच्या देखरेखीखालीच तो वापरावा.

(उ) प्रत्येक बाजूची सहा मोठी चाके सपाट काचेवर टेकवून एका रेषेत आणावीत. एक चाक उचललेले राहिले तर रणगाडा डुगडुगतो व पुढील तोलाचा प्रयोग फसतो.

(ऊ) पुलाचे दोन्ही अर्धे भाग रबरी पट्ट्या व कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवावेत. बिजागरीच्या खिळीस द्रव लागू देऊ नये, नाहीतर पूल उलगडत नाही.

(ए) रंग पाण्यात मिसळणारे घ्यावेत व पातळ हात दोन-तीनदा द्यावेत. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा दमट असल्याने रंग फार हळू वाळतो. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत घेतलेले बरे.

प्रस्तुत लेखकाच्या वर्गात पहिल्या खेपेस पुलाचा एक अर्धा भाग लवकर वाळावा म्हणून उन्हात ठेवला गेला व तो धनुष्यासारखा वाकला. मुले हिरमुसली. तेव्हा त्याच मापाचा दुसरा भाग मुलांनीच पुठ्ठ्यातून आखून, कापून तयार केला. तो आखताना त्यांनी केलेले गणित आधीच्या सबंध आठवड्यातील गणिताहून अधिक होते. म्हणून ज्या शाळेस पेटी घेणे परवडत नाही, तिने निराश होऊ नये. केंद्रातील शाळांनी मिळून एक पेटी घ्यावी व पुलाच्या प्रती प्रत्येक शाळेने पुठ्ठ्यातून कराव्यात. टाकाऊ प्लास्टिक वापरणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की, दुधाच्या पिशव्या किंवा फायलींची लवचीक आवरणे निराळ्या प्लास्टिकची असतात व वरील द्रवाने ती चिकटत नाहीत.

५. तोलाचा प्रयोग

एवढा लांब पूल पुढे झुकत असता रणगाडा तोंडावर का पडत नाही? फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर हळूहळू ढकलावी. निम्म्याहून अधिक बाहेर गेली की ती पडते. आता मागच्या टोकावर खोडरबर ठेवून पुन्हा ढकलावी. ती अधिक पुढे जाते. रणगाड्याचे वजन म्हणजे हे खोडरबर. पुढे टेकविलेला आधार म्हणजे टेबलाची कड जणू पुढे सरकविणे. मग प्रतिकृतीतील पूल उलगडून, पुढचा आधार काढून व लावून, काय फरक पडतो तो मुलांनी वहीत लिहावा. तरफेचा नियम ह्यानंतर फळ्यावर लिहावा, आधी नव्हे.

६. प्रतिकृती काय सांगत नाही

हा ह्या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. रणगाड्याचे वजन सुमारे ४२ टन धरले, तर १ : ३५ ह्या प्रमाणातील प्रतिकृतीचे वजन किती असावे? बहुतेक मुले ४२ टनांस ३५ ने भागतात व १,२०० किलोग्रॅम हे उत्तर देतात! टेबलावरील वस्तूकडे पाहून त्यांचे त्यांनाच हसू येते. लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही मापे ३५ पट लहान झाली, म्हणजे आकारमान ३५ × ३५ × ३५ = ४२,८७५ पट लहान झाले. त्याच धातूंची तंतोतंत प्रतिकृती केली, तरी ती जेमतेम ९८० ग्रॅम भरेल; प्लास्टिकची त्याहून हलकी.

उलट दिशेने पाहिले म्हणजे ह्या गणितातील धोका दिसतो. वस्तू दुप्पट मोठी केली की वजन आठपट होते, परंतु तुळईचा छेद चौपटच वाढतो. लाकडी ठोकळे रचून हे दाखविता येते. म्हणून टेबलावर वीट पेलणारा पुठ्ठ्याचा पूल जशाच्या तसा मोठा केला, तर तो स्वतःच्याच भाराने मोडू शकेल. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडली होती. पुराच्या पाण्याने पायाखालची माती कशी धुपते, दगडांचे सांधे वर्षानुवर्षे कसे झिजतात, हेही प्रतिकृती सांगत नाही. त्यासाठी खऱ्या पुलाकडेच पुनःपुन्हा जाऊन, त्याची तपासणी करावी लागते.

तथापि प्रतिकृतीचे मोल ह्याने उणे होत नाही. ब्रिटिश युद्धखात्यातील डोनाल्ड बेली यांस पुलांच्या प्रतिकृती करण्याचा छंद होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी त्यांनी सुचविलेल्या पुलाचा प्रत्येक चौकटी तुकडा १० फूट लांब, ५ फूट उंच व सहा माणसांस उचलता येईल एवढ्याच वजनाचा होता. अवजड यंत्राविना जोडता येणारे हे पूल पुढे जगभर पसरले. मात्र छंदातून सुचलेल्या त्या कल्पनेवर सैन्य पार नेण्यापूर्वी खऱ्या आकाराच्या पुलावर भाराच्या चाचण्या घेण्यात आल्या, हेही मुलांस सांगावे. कल्पना प्रतिकृतीतून येते, खात्री चाचणीतून.

७. समारोप

पाठ संपल्यावर प्रतिकृती कपाटात बंद करू नये. तिच्याशेजारी मुलांनी काढलेले आकडे, फसलेला भाग व तोलाच्या प्रयोगाची नोंद मांडावी आणि पालकसभेच्या दिवशी मुलांनीच ती समजावून सांगावी. मूल्यमापन करताना रंगाच्या सफाईपेक्षा, 'ही प्रतिकृती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत नाही?' ह्या प्रश्नाच्या उत्तरास अधिक गुण द्यावेत.

आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी कोणी उद्या पुलाची आखणी करील, कोणी त्याची तपासणी करून सहीचा शेरा लिहील, कोणी पावसाळी रात्री त्यावरून प्रवाशांनी भरलेली गाडी नेईल. भार, तोल व प्रमाण यांविषयी त्यांच्या मनात आजच सावध जिज्ञासा उत्पन्न झाली, तर एका लहानशा प्लास्टिकच्या रणगाड्याने आपले काम चोख बजावले असे म्हणता येईल.