आज्ञावलीची परीक्षा

भिलाई नगरीस लागून असलेल्या कुरुद गावच्या रहिवाशांना रेल्वेचा रूळ ही नवलाची वस्तू नाही. तेथील पोलाद कारखान्यात 1960 सालापासून भारतीय रेल्वेसाठी रूळ तयार होत आले आहेत. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन वायूचा अंश अधिक राहिला, तर पोलाद थंड होताना रुळाच्या अंतर्भागात केसासारख्या बारीक भेगा पडतात. म्हणून पोलाद ओतण्यापूर्वीच निर्वात पात्राच्या साहाय्याने तो वायू काढून घेतात. दहा लाख भागांत 1.6 भाग ही त्याची कमाल मर्यादा होय. पुढे तयार रुळातून श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून आतील दोष शोधतात. दोष शोधण्याच्या या क्रियेस चाचणी म्हणतात. आणि दोष मुळातच उत्पन्न होऊ नये म्हणून सर्व कामाची जी रीत आखून देतात, तिला गुणवत्तेची हमी म्हणतात.

आता या रुळांवरून धावणाऱ्या गाडीकडे वळू. तिची सुरक्षितता आज आणखी एका वस्तूवर अवलंबून असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका, अर्थात आज्ञावली; व्यवहारात तिलाच सॉफ्टवेअर म्हणतात. ‘कवच’ ही गाड्यांच्या संरक्षणाची भारतीय योजना याचे उत्तम उदाहरण आहे. स्लीपरवर बसविलेल्या रेडिओ-पट्ट्या इंजिनाला त्याचे स्थान सांगतात. स्थानकातील यंत्र सिग्नलची स्थिती रेडिओवरून कळविते. आणि चालकाने वेळेवर ब्रेक लावला नाही, तर इंजिनातील संगणक तो लावतो. या संगणकाची आज्ञावली चुकली, तर शेकडो प्रवाशांचे प्राण धोक्यात येतील. मग तिची परीक्षा करावी कशी?

चालवून पाहणे पुरेसे का नाही?

रूळ झिजतो, गंजतो. आज्ञावलीला यांपैकी काहीच होत नाही. तिच्यातील दोष ती लिहिली गेली तेव्हापासूनच तिच्यात असतो, आणि विशिष्ट परिस्थिती येईपर्यंत निद्रिस्त राहतो. ‘कवच’ला सुरक्षिततेच्या चौथ्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे प्रमाणपत्र मिळाले आहे. या श्रेणीच्या यंत्रणेत घातक बिघाडाचे प्रमाण 10 कोटी तासांत एकाहूनही कमी असावे लागते. 10 कोटी तास म्हणजे सुमारे 11,400 वर्षे! इतका काळ गाडी चालवून पाहणे कोणास शक्य आहे? तेव्हा केवळ चालवून पाहिल्याने खात्री पटत नाही. आज्ञावली कोणत्या रीतीने घडली आणि तपासली गेली, हेच पाहावे लागते. म्हणूनच चाचणीची योजना कामाच्या आरंभीच लिहून ठेवावी लागते.

योजनेत काय असते?

प्रथम, यंत्राने काय करावे याची प्रत्येक अपेक्षा लिहून काढतात आणि प्रत्येकीपुढे तिची चाचणी नेमतात. जिची चाचणी सुचत नाही, ती अपेक्षाच अस्पष्ट आहे असे समजावे. त्यानंतर पायऱ्या ठरतात : आधी सुटे भाग, मग जोडलेले भाग, मग संपूर्ण यंत्रणा आणि शेवटी प्रत्यक्ष स्थळ. एक दोष दुरुस्त करताना दुसरा शिरण्याचा संभव असतो. यासाठी दुरुस्तीनंतर जुन्या चाचण्या पुन्हा घेण्यास वेळ राखून ठेवतात. चाचणी केव्हा पुरी झाली म्हणावयाची, हेही आधीच ठरवितात. तसे न केल्यास काम लांबताच पहिली कात्री चाचणीच्या दिवसांवर चालते.

योजनेत एक प्रश्न सुटला, तर काय घडते? 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान-5 हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रातील आज्ञावली एरियान-4 वरून जशीच्या तशी घेतलेली होती. 32,767 हून मोठी संख्या मावू शकत नाही अशा जागेत ती एक मोजमाप भरीत असे. जुन्या अग्निबाणात ते मोजमाप तेवढे वाढत नसे. नव्याचा मार्ग निराळा होता, तेथे ते वाढले आणि यंत्र बंद पडले. नव्या मार्गाची आकडेवारी देऊन त्या यंत्राची चाचणी घेतलीच गेली नव्हती.

परीक्षक निराळा हवा

लेखकाला आपल्या हस्तलिखितातील चुका दिसत नाहीत, कारण जे लिहावयाचे होते तेच तो वाचतो. म्हणून आज्ञावली लिहिणारा आणि तपासणारा वेगळे असावेत असा दंडक आहे. ‘कवच’च्या बाबतीत तो पाळला गेला. फेब्रुवारी 2016 मध्ये प्रवासी गाड्यांवर क्षेत्रीय चाचण्या सुरू झाल्या. त्यांचा अनुभव आणि स्वतंत्र मूल्यमापकाचा निर्णय यांवरूनच पुढे यंत्र पुरविणाऱ्यांना मान्यता मिळाली. 2020 साली ही योजना राष्ट्रीय म्हणून स्वीकारण्यात आली. 4 मार्च 2022 रोजी सिकंदराबादजवळ दोन इंजिने एकाच रुळावर समोरासमोर आणली, तेव्हा ‘कवच’ने इंजिन 380 मीटर आधीच थांबविले. दक्षिण मध्य रेल्वेच्या ज्या 1,465 किलोमीटर मार्गावर ही योजना प्रारंभी बसली, त्यात मनमाड–मुदखेड आणि परळी–परभणी हे मराठवाड्यातून जाणारे मार्गही आहेत.

त्या एका दिवसाचे दृश्य लोकांनी पाहिले. खरी परीक्षा त्यापूर्वी अनेक वर्षे कागदावर, प्रयोगशाळेत आणि रुळांवर चालू होती. आणि तीही संपली असे म्हणता येत नाही. चाचणीने दोष आहे हे सिद्ध होते. तो नाही हे कधीच सिद्ध होत नाही. यामुळेच दर नव्या बदलाबरोबर योजना पुन्हा उघडावी लागते आणि तिच्यातील प्रत्येक प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. परभणीच्या गाडीत रात्री निर्धास्त झोपलेल्या प्रवाशाला हे प्रश्न ठाऊक नसतात. त्याच्या वतीने ते दुसऱ्या कोणीतरी विचारलेले असावे लागतात.