जिवाणूंची तटबंदी आणि आपले औषध

भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीची ती दगडी भिंत पावसाळ्यात प्रवरेच्या पाण्याचा सारा भार पेलते. पाण्याला स्वतःचा आकार नसतो. भिंत अडवते म्हणून तेथे जलाशय होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचेही असेच आहे. त्यांच्या शरीरातील द्रव आतून सतत बाहेर रेटत असतो. काही जातींत हा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहून कितीतरी अधिक असतो. तो पेलण्यासाठी जिवाणूभोवती एक चिवट भिंत असते आणि त्याचा आकार ठरतो तो या भिंतीमुळेच.

ही भिंत विणलेल्या जाळीसारखी असते. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक गुंफून लांब धागे होतात आणि अमिनो आम्लांचे आखूड दुवे त्या धाग्यांना एकमेकांशी बांधतात. विणण्याचे काम विकर, म्हणजेच एन्झाइम, करतात. परंतु केवळ विणून भागत नाही. जिवाणूला वाढायचे असेल, तर जुने टाके उसवून तेथे नवे धागे घालावे लागतात. त्यासाठी कात्रीसारखी वेगळी विकरे असतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील डॉ. मंजुळा रेड्डी यांनी जिवाणूंच्या भिंतीची बांधणी आणि ही कात्री यांवर मोलाचे संशोधन केले. त्यासाठी त्यांना २०१९चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. कोणते विकर कोठे विणते आणि कोठे कापते, यावर जिवाणू गोल होणार, दांडीसारखा होणार की मळसूत्रासारखा पिळदार, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

आकाराचा आपल्या आरोग्याशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. जठरात व्रण निर्माण करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी पिळदार असतो. त्याची कात्रीसारखी काही विकरे काढून टाकल्यावर त्याचा पीळ गेला आणि उंदरांच्या जठरात त्याला नीट बस्तान बसवता आले नाही, असे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. जठराच्या आतील दाट बुळबुळीत थरात राहण्यास पीळ त्याच्या उपयोगी पडत असावा.

ही भिंत पोखरणारे एक विकर आपल्याजवळही आहे. लायसोझाइम हे त्याचे नाव. ते अश्रूंत, लाळेत आणि नाकातील स्रावात असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. १९६५मध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची त्रिमितीय रचना उलगडली. अशी रचना उलगडलेले ते पहिलेच विकर. त्याच्या अंगावर एक खोल खाच असते. भिंतीतील शर्करेचा धागा त्या खाचेत बसतो आणि तेथेच तुटतो. उतारवयात डोळे आणि तोंड कोरडे पडू लागते, काही औषधांमुळे ते अधिक जाणवते. ती केवळ गैरसोय मानून सोडू नका. शरीराचे एक संरक्षण त्यामुळे उणे होते.

पेनिसिलिनची युक्ती निराळी आहे. दुवे बांधणाऱ्या विकराच्या गाभ्यात एक पोकळी असते. दुव्याचे टोक तेथे येते आणि टाका पडतो. पेनिसिलिनचा रेणू त्या टोकासारखाच दिसतो. विकर फसते, त्याला धरते आणि मग त्यातून सुटत नाही. विणणे थांबते, कात्री मात्र चालू राहते. अखेर भिंत फाटते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून हे औषध त्यांना फोडत नाही. काहींना त्याची ॲलर्जी होते, ती वेगळ्या कारणाने. भारतात हे औषध मोठ्या प्रमाणावर तयार व्हावे, म्हणून १९५४मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्यास साहाय्य लाभले होते.

जिवाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. काहींनी पेनिसिलिनचा रेणूच तोडणारे विकर मिळवले, तर काहींनी विणणाऱ्या विकराची पोकळी अशी बदलली की औषध तेथे बसेनासे झाले. सर्दीसारख्या विषाणूजन्य आजारात प्रतिजैविक घेतल्याने विषाणूवर काहीच परिणाम होत नाही, कारण त्याला अशी भिंतच नसते. आपल्या शरीरातील जिवाणूंना मात्र औषध चुकवण्याची संधी मिळते. मग खरी गरज पडते तेव्हा घरातील वृद्ध माणसालाच औषध लागू पडत नाही.

भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्यात भाताची आवणी चालते. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हा पिळदार जिवाणू पाण्यात व चिखलात येऊ शकतो आणि पायावरील लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. २००५च्या महापुरानंतर मुंबईने या आजाराची मोठी साथ अनुभवली. म्हणून शेतात उतरताना किंवा सहलीत साचलेल्या पाण्यातून जाताना जखम झाकावी, शक्यतो गमबूट वापरावेत. पुढील महिनाभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि आपण पाण्यात उतरलो होतो, हे आवर्जून सांगावे. वेळीच सुरू केलेले प्रतिजैविक या आजारात प्राण वाचवू शकते.

वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उतारवयात संसर्ग झाला, तरी ताप येईलच असे नाही. एकाएकी गोंधळल्यासारखे वागणे, जेवण सोडणे किंवा तोल जाणे हीच पहिली खूण असू शकते. पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तसे ठळक अक्षरांत लिहून ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे. कपाटातील उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले, तितके दिवस ठरलेल्या वेळी औषध द्यावे आणि बरे वाटले म्हणून ते त्यांना न विचारता थांबवू नये.