३६० अंशांच्या छायाचित्रातून छायाचित्रकार वगळणे

३६० अंशांच्या छायाचित्रातून छायाचित्रकार वगळणे म्हणजे सर्व दिशांचे दृश्य टिपताना कॅमेरा हाताळणारी व्यक्ती, तिची सावली, प्रतिबिंब आणि ट्रायपॉड अंतिम चित्रात येऊ न देणे होय. साध्या कॅमेऱ्यामागे उभी असलेली व्यक्ती चित्राबाहेर राहते. सर्व दिशांना पाहणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र मागची बाजू नसते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या समूहचित्रांसाठी सर्कट कॅमेरा वापरला जाई. तो ट्रायपॉडवर फिरत असे आणि त्याच वेळी आतील फिल्म अरुंद फटीसमोरून सरकत असे. एका क्षणी दृश्याची चिंचोळी पट्टीच टिपली जात असल्याने कॅमेऱ्यामागून चालणारा छायाचित्रकार चित्रात येत नसे. आजच्या ३६० अंशांच्या कॅमेऱ्यात पाठीला पाठ लावलेली दोन फिशआय भिंगे असतात. प्रत्येक भिंग १८० अंशांहून अधिक क्षेत्र एकाच क्षणी पाहते. त्यामुळे छायाचित्रकाराला फिरून बाजूला होण्याची संधी मिळत नाही.

पद्धती

• आडोसा : कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून छायाचित्रकार भिंतीआड वा खांबाआड जातो आणि मोबाइलवरून किंवा टायमरने चित्र घेतो.
• दोन चित्रांची सांधणी : कॅमेरा न हलवता पहिल्या चित्राच्या वेळी एका बाजूस व दुसऱ्या वेळी विरुद्ध बाजूस उभे राहतात. दोहोंतील रिकामे अर्धे भाग संगणकावर जोडले जातात. सांध्यावर हलणारी माणसे किंवा बदलता प्रकाश असल्यास जोड उघड दिसतो.
• फिरते चित्रण : साध्या कॅमेऱ्याने एकामागून एक चित्रे घेताना छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या मागे राहून त्याच्यासोबत फिरतो. सूर्य पाठीशी असलेल्या चित्रात त्याची सावली येण्याचा धोका उरतो.
• तळाची दुरुस्ती : ट्रायपॉड हटवून त्याखालील जमिनीचे वेगळे चित्र घेतात व ते तळाशी बसवतात.

दोन भिंगांच्या मधल्या अरुंद पट्ट्यातील वस्तू कोणत्याच भिंगाला दिसत नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्याखाली सरळ धरलेली बारीक काठी चित्रात अदृश्य होते; ती धरणारा हात व व्यक्ती मात्र दिसतात.

स्थळानुसार निवड

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत दोन भिन्न प्रकारची उदाहरणे आढळतात. पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत मूर्तींच्या दाट रांगा असतात. तेथे मूर्तींमागे किंवा दाराबाहेर आडोसा मिळतो. परंतु चकचकीत रंगावर प्रतिबिंब पडू शकते आणि कारागीर काम करत असल्यास दोन चित्रांचा सांधा त्यांच्यावरून जाणार नाही, हे पाहावे लागते. रोह्याजवळील अवचितगडाच्या मोकळ्या माथ्यावर मात्र तटबंदीपासून दूर गेल्यास लपण्यास जागा मिळत नाही. तेथे फिरते चित्रण सोयीचे ठरते. सूर्य डोक्यावर असताना सावली आखूड होऊन तळाच्या दुरुस्तीत झाकली जाते.

मर्यादा

चित्रात आलेली व्यक्ती संगणकावर पुसता येते, परंतु तिच्यामागे जे होते ते कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसते; रिकामी जागा आजूबाजूच्या रंगरूपावरून अंदाजाने भरली जाते. शोभेच्या चित्रात हे खपून जाते. किल्ल्याचा तट किंवा सणापूर्वी विक्रीसाठी रवाना होणाऱ्या मूर्तींची मांडणी यांची नोंद करताना मात्र तेवढा भाग कल्पित ठरतो व पुढे त्याची पडताळणीही करता येत नाही. म्हणून नोंदीच्या छायाचित्रणात व्यक्तीला नंतर पुसण्यापेक्षा चित्र घेतानाच बाहेर ठेवणे अधिक विश्वासार्ह ठरते.